किनाऱ्यावरच्या लॉजमालकांना, माण तालुक्यातल्या एका वायरमनचं खुलं पत्र

श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली, गुहागर, गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राकाठी लॉज आणि बीच हॉटेलं चालवणाऱ्या सर्व मालक मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वायरिंगची कामं करतो. या दिवाळीत भाऊबीज झाल्यावर दोन दिवसांनी आई, बायको आणि दोन मुलांना घेऊन दापोली तालुक्यात समुद्रावर आलो होतो. आई अडुसष्ट वर्षांची आहे. तिनं आजवर समुद्र पाहिला नव्हता. आम्ही ज्या लॉजवर दोन रात्री काढल्या त्याचं नाव इथं लिहीत नाही, गावाचंही नाही. परत आल्यावर तिथल्या खोलीत आमचे झालेले हाल ज्यांना सांगितले त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपापली अशीच हकिकत सांगितली. कुणाची अलिबागकडची, कुणाची मालवणकडची. तेव्हा एकाच मालकाला लिहून भागण्यासारखी ही गोष्ट नाही.

खोली ठरली फोनवर. फोटो आले होते. पांढऱ्या भिंती, निळी चादर, खिडकीत समुद्र. एका रात्रीचे अठराशे रुपये, त्यातले हजार आगाऊ. माझा रोज नऊशे आहे. म्हणजे नुसत्या खोलीला चार दिवसांची मजुरी, वर गाडीभाडं आणि पाच माणसांचं जेवण. वर्षातून एकदा, कधी कधी दोन-तीन वर्षांतून एकदा, माझ्यासारखा माणूस घर बाहेर काढतो. सहा महिने आधीपासून आईला सांगत होतो, यंदा नक्की.

पहाटे निघालो. उंब्रज, पाटण, कोयना करत कुंभार्ली घाट उतरलो. घाटात दोन्ही मुलांना उलट्या झाल्या. चिपळूण, खेड, दापोली मागं टाकून शेवटच्या उताराला लागलो आणि माडांच्या शेंड्यांमधून पाणी दिसलं. आईनं गाडी थांबवायला लावली. खाली उतरून पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पानी, आन् त्यातलं घोटभर प्यायला येत न्हाय व्हय?" आमच्याकडं टँकर येतो तेव्हा हिनं डोक्यावर हंडे वाहिलेत. तिच्या तोंडून दुसरं काय निघणार?

तिथून दहा मिनिटांवर तुमची खोली.

दाराची कडी गंजून तुटलेली होती, तिच्या जागी सुतळी बांधलेली. आत फिनेलचा वास आणि त्याच्याखाली ओलीचा वास. भिंतीला कमरेपर्यंत काळी बुरशी, वर रंगाचे पोपडे. गादीवर हात दाबला तर तळहात गार पडला. चादर निळी नव्हती, कुठल्या रंगाची होती तेही सांगता येणार नाही. खिडकी उघडली तर पाण्याच्या टाकीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर. समुद्र दिसत होता, पण त्यासाठी टाकीच्या लोखंडी शिडीवर चढायला लागत होतं. माझा मुलगा चढून बघून आला.

कामावर असलेला पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा. पाच खोल्या, स्वयंपाक, झाडलोट, फोन, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. त्याच्यावर माझा काही राग नाही. त्यानं खोलीचा भाव बावीसशे सांगितला, "दिवाळीचा रेट" म्हणून. दरपत्रक कुठं लावलंय विचारलं तर नाही म्हणाला. बदली खोली मागितली तर बाकीच्या चारही भरलेल्या. मग त्यानं मुंबईला मालकांना फोन लावून दिला. मी म्हटलं, "साहेब, फोटोतली खोली ही नव्हे." ते म्हणाले, "दोन हजारात तुम्हाला राजवाडा पाहिजे का?"

हे पत्र त्या एका वाक्याचं उत्तर आहे.

राजवाडा नको होता, मालक. आमच्या घरी मातीच्या भिंती होत्या आणि आम्ही त्यात सुखानं राहिलोय. खोली लहान असती, रंग उडालेला असता, टीव्ही नसता, तरी एक अक्षर बोललो नसतो. सुकी गादी, धुतलेली चादर, लागणारी कडी आणि हात लावला तर झटका न देणारा नळ, एवढं पाहिजे होतं. यातली कुठली गोष्ट दोन हजारात बसत नाही, ते मला एकदा समजावून सांगा.

झटक्याचं मी उगाच म्हणत नाही. संध्याकाळी आईला अंघोळ करायची होती. पोरगा म्हणाला, गिझर आहे. मला सवय आहे, म्हणून बटण दाबल्यावर आधी टेस्टर लावला. नळाला लावला आणि टेस्टरचा दिवा पेटला, म्हणजे नळात करंट. पितळी नळ, ओली फरशी, आणि मी दोन मिनिटं उशीर केला असता तर त्या नळाला आईचा हात. लगेच एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा लाईन तोडणारा खटका, खाली केला आणि बोर्ड उघडून बघितलं. प्लग तीन पिनांचा, पण सॉकेटच्या तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या भोकात तारच नाही. फेज आणि न्यूट्रल, बस्स. गिझरच्या वर वायरीला जॉइंट, त्यावर चिकटपट्टी, आणि ती वाफेनं सुटलेली. बाहेर मीटरपाशी जाऊन अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी पट्टी, शोधलं. पट्टी होती, पण जमिनीच्या वीतभर वर गंजून तुटलेली. वरचा तुकडा भिंतीला, खालचा खड्ड्यात, मध्ये हवा. ईएलसीबी नव्हताच.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. करंट जायच्या वाटेनं न जाता माणसाच्या अंगातून जमिनीत उतरायला लागला, तर ईएलसीबी ते ओळखतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. घरगुती ईएलसीबी तीस मिलिअँपिअरला पडतो, एवढ्याशा गळतीला. एमसीबीला ही गळती कळत नाही. तो जास्तीचा लोड किंवा शॉर्ट झाला तरच पडतो. म्हणजे माणूस नळाला चिकटलेला असतानाही एमसीबी निवांत चालू राहतो. बऱ्यापैकी ईएलसीबी बाजारात साधारण तुमच्या एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यात येतो. समुद्राकाठी तर तो आधी पाहिजे, कारण खारा वारा लोखंड खातो, पितळ काळं पाडतो, स्क्रू सैल करतो. देशावर जे अर्थिंग दहा-दहा वर्षं टिकतं ते तुमच्याकडं दर वर्षी तपासायला लागतं. पाऊस संपला की एकदा, गिऱ्हाईक यायच्या आत.

पोराला मी सांगितलं, हा गिझर कुणी लावायचा नाही, बाकीच्या खोल्यांतलेही नाहीत. त्यानं मालकांना फोन केला. मालकांनी मला फोनवर सांगितलं की आजपर्यंत कुणाला काही झालं नाही.

रात्रीचं थोडक्यात सांगतो. पंखा लटपटत होता म्हणून बंद ठेवला, मग डास. मुलीच्या पाठीवर ढेकणांचे लालबुंद चट्टे. रात्री दीडच्या सुमाराला छतातला पोपडा सुटून मुलाच्या उशीपासून हातभर अंतरावर पडला, चांगला ताटाएवढा. वर बघितलं तर स्लॅबमधले गज उघडे, गंजून फुगलेले. गज गंजला की जाड होतो आणि आतून सिमेंट ढकलून पाडतो. बांधकामात खारी वाळू किंवा खारं पाणी वापरलं असेल तर हे फार लवकर होतं. बायको मुलांना घेऊन व्हरांड्यात जाऊन बसली. आई उठली नाही. माझ्या मनाला लागेल म्हणून ती झोपेचं सोंग घेऊन पडली होती, हे मला सकाळी कळलं.

पहाटे अर्धा तास पाणी आलं. बोअरचं, मचूळ. साबणाला फेस येईना. आईनं न बोलता दोन्ही बादल्या आणि तांब्या भरून ठेवला. समुद्राकाठी येऊनही तिला पाणी भरून ठेवायला लागलं, याची मला लाज वाटली. बोअर खोल मारून फार उपसा केला की खालून खारं पाणी वर येतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण मग गिऱ्हाइकाला आधी सांगा. पिण्याचं पाणी कुठलं, वापरायचं कुठलं, किती वाजता येईल. आम्ही दुष्काळी भागातली माणसं, एका बादलीत अंघोळ उरकतो. सांगितलं असतं तर तक्रार केली नसती.

आता दुसरी बाजूही लिहितो, कारण ती मला माहीत आहे. मी दापोलीला पहिल्यांदा आलो तो २०२० च्या जूनमध्ये. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली झोपले. विजेचे खांब काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले होते. बाहेरच्या जिल्ह्यांतून माणसं बोलावली गेली, त्यात एका ठेकेदाराच्या टोळीत मी होतो. नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट आडव्या, घरांची कौलं उडालेली, त्यात करोनाची टाळेबंदी. आम्ही शाळेत झोपायचो. ज्यांच्या स्वतःच्या घरावर छप्पर नव्हतं अशा बाया आम्हाला भात आणि कुळथाची पिठी आणून द्यायच्या. खांब ओढायला गावातले म्हातारेसुद्धा यायचे. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या दोन वर्षांत कर्ज काढून पत्रे घातले, भिंती उभ्या केल्या, आणि गिऱ्हाईक मात्र येत नव्हतं. हे मी विसरलेलो नाही. उलट म्हणूनच आईला समुद्र दाखवायचा तर दापोलीलाच, असं मी तेव्हा ठरवलं होतं. माणसं चांगली आहेत, आपला पैसा गेला तर तिथं जाऊ दे.

आणि म्हणूनच जास्त लागलं.

पडझड झाली, पैसा नाही, हे मी समजू शकतो. पण गादीला ऊन द्यायला पैसा लागत नाही. तुमच्याकडं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडं पाचशेच्या आत-बाहेर. चार महिने खोल्या बंद राहतात. भिंतीत मीठ असतं आणि मीठ ओल धरून ठेवतं. हे सगळं कबूल. मग नवरात्रात आठ दिवस दारं-खिडक्या उघड्या टाका, गाद्या गच्चीवर आणा, बुरशी घासून चुन्याचा एक हात मारा. त्या लॉजवर यातलं काहीच झालं नव्हतं. सप्टेंबरात कुलूप जसं होतं तसं दिवाळीत उघडलं, फिनेल मारलं आणि जुना फोटो पाठवून दिला.

कुंपणापलीकडं एक घर होतं, त्याबद्दल सांगायलाच पाहिजे. जांभ्या दगडाचं, अर्ध्यावर कौलं आणि अर्ध्यावर पत्रे. निसर्गमध्ये कौलं गेली ती गेली. सकाळी आई व्हरांड्यात बसलेली बघून तिथल्या वहिनींनी हाक मारली, "आजी, वाईच चा घ्यायला या." आई गेली. आई माळकरी आहे. लॉजवर माशाच्या तव्यावरच चपात्या भाजत होते म्हणून तिनं रात्री फक्त घरून आणलेली भाकरी खाल्ली होती. वहिनींना ते कळल्यावर त्यांनी वेगळा तवा काढला, घावणे घातले, ओल्या नारळाची चटणी वाटली. चुलीवर पाणी तापवून आईला न्हाणीत अंघोळ घातली. त्या घरात फरशी नाही. सारवलेली जमीन, दोरीवर वाळत घातलेली गोधडी, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं पाणी. सगळं लखलखीत. आईनं पैसे पुढं केले तर त्यांनी हात मागं घेतले. शेवटी शेंगदाण्याच्या चटणीची आख्खी पिशवी आई तिथं ठेवून आली.

गरिबीमुळं खोली घाण राहते असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं, तर मी ते घर दाखवीन. मंडणगड तालुक्यात वेळासला कासवांच्या मोसमात लोक साध्या घरांत राहतात, अंगणात जेवतात आणि पुन्हा येतात. तिथं कुणी राजवाडा शोधत नाही.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती खोलीच्या घाणीपेक्षा मोठी आहे. सकाळी दहाच्या सुमाराला ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं, कातळ उघडे पडलेले. मुलं खेकडे बघायला कातळावर गेली, आम्हीही गेलो. पोराला विचारलं होतं, भरती कधी? तो म्हणाला, संध्याकाळी असेल. तो कोकणातला नव्हताच, त्याला काय माहीत? दुपारी दीडच्या पुढं बघतो तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या घळीत पाणी शिरलेलं. एक कोळी आजोबा लांबून ओरडत, हात करत आले आणि त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं. पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं. किनाऱ्यावर आल्यावर त्यांनी मला बसवून शिकवलं: "आज पंचमी. पाच पाउणे पावणेचार. पावणेचारला पुरती भरती. तिथीला पाऊणनं गुणायचं, पूर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं." पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आमच्या आईच्या पिढीला पाठ होती, मला नाही. पण एवढा हिशोब तुमच्या प्रत्येक लॉजच्या दारात खडूनं लिहायला काय लागतं? आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, कुठल्या बाजूला उतरू नका. दर वर्षी वाळूत रुतलेल्या गाड्यांचे आणि बुडालेल्या पोरांचे फोटो येतात आणि आपण सगळे पर्यटकांच्या बेफिकिरीवर बोलतो. बेफिकीर असतात, खरं आहे. पण माझ्यासारखे जे विचारतात त्यांना तरी बरोबर उत्तर मिळायला पाहिजे.

निघताना बिल मागितलं. मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर पेनानं ४४०० लिहून मिळालं. त्याच्यावर लॉजचं नाव नाही, तारीख नाही.

आमच्या ओळखीच्या एका वकिलांना हे झाकण दाखवलं. त्यांनी सांगितलं की इंग्रजांच्या काळात १८६७ साली सराईंचा एक कायदा झाला होता. त्यात सराई चालवणाऱ्यानं खोल्या, ओसऱ्या, गटारं आणि पाण्याच्या विहिरी साफ ठेवायच्या, भिंती आणि छप्पर दुरुस्त ठेवायचं, राखणदार ठेवायचा आणि दरांची यादी लावायची, असं लिहिलं आहे. बैलगाडीनं येणाऱ्या वाटसरूसाठी लिहिलेलं ते कलम मला आज, मोबाईलवरून आगाऊ पैसे भरूनही, मिळालं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीबद्दल तरतूद आहे, आणि भलत्याच खोलीचा फोटो दाखवणं मला तरी त्यातच बसणारं वाटतं. १९१५ या नंबरच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, हेही त्यांनीच सांगितलं. मी अजून केलेली नाही. आधी तुम्हाला लिहितोय.

पर्यटन विभागाच्या अधिकाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांना एक विनंती. तुमच्याकडं निवास-न्याहारीच्या घरांची नोंदणी होते, ती चांगली गोष्ट आहे. मात्र किनाऱ्यावर भाड्यानं दिली जाणारी प्रत्येक खोली पावसाळ्यानंतर एकदा कुणीतरी बघावी आणि बघणाऱ्याच्या हातात टेस्टर असावा. शौचालय किती, पार्किंग किती, हे कागदावर लिहून होतं. नळाला करंट येतो का, हे नळाला टेस्टर लावल्याशिवाय कळत नाही.

मालक मंडळी, तुमच्यातले पुष्कळ जण नेटकं काम करतात. स्वतः काउंटरवर बसतात, गिऱ्हाइकाच्या म्हातारीला ऊन पाणी देतात. त्यांना हे वाचून वाईट वाटेल, त्यांची मी माफी मागतो. पण तुमच्या शेजारच्या लॉजवर काय चाललंय ते तुम्हाला रोज दिसतं. तुमच्या संघटना आहेत, बैठका होतात, गणपतीत आणि शिमग्यात सगळे एका मांडवात बसता. तिथं एकदा हा विषय काढा. आमच्यासारख्याचं ऐकून मुंबईतला मालक फोन ठेवून देईल, तुमचं मात्र ऐकेल.

माझ्या परीनं मी एक करू शकतो. पाऊस संपल्यावर कुणी चार-पाच लॉजवाल्यांनी मिळून बोलावलं, तर मी दोन दिवस येईन. अर्थिंगचा खड्डा कसा भरायचा, पट्टी कुठं गंजते, ईएलसीबी महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून कसा बघायचा, हे तुमच्या कामावरच्या पोरांना दाखवीन. मजुरी नको. २०२० साली त्या शाळेत जेवलेला भात अजून माझ्याकडं बाकी आहे.

आई बरी आहे. गावात सगळ्यांना ती समुद्राबद्दल सांगते. खोलीबद्दल कुणाला काही बोलत नाही, विचारलं तर "बरी हुती" म्हणते. वहिनींचा मधे फोन आला होता. फेब्रुवारी-मार्चला आंजर्ल्याच्या, वेळासच्या वाळूत कासवाची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात, आजींना घेऊन या म्हणाल्या. आईनं मला न विचारता हो म्हणून टाकलं. त्यांच्या घरात पाच माणसं मावणार नाहीत, त्यामुळं खोली लॉजवरच घ्यावी लागेल. मुलांच्या परीक्षांच्या तारखा कळल्या की मी तुमच्यापैकीच कुणालातरी फोन करीन आणि खोलीच्या भावाआधी तीन गोष्टी विचारीन: गाद्यांना ऊन कधी दिलं, ईएलसीबी बसवलाय का, आणि हा फोटो कुठल्या साली काढला.

आपला,
माण तालुक्यातला एक वायरमन